उशीच्या अभ्र्यातला वायरलेस

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दोंडाईचा-धुळे एसटीत माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर उशीच्या अभ्र्यात घातलेलं जड खोकं होतं. कंडक्टरने हटकलं, "अक्का, हाई काय शे?"

"वायरलेस. साखर कारखान्याने मोडीत काढला, मी घेतला."

"वायरलेस? मग उतरा खाली!"

बाईंनी शांतपणे पिशवीतून हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढून दिला. त्याने तो मोठ्याने वाचला, तशी अख्खी बस माना वळवून बघू लागली.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"दुरुस्त करून गावोगावच्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलणार." खोक्यावर थोपटत त्या म्हणाल्या, "कारखान्यात बिचाऱ्याने नुसते हुकूम ऐकले. आता जरा गप्पा ऐकेल."

धुळ्याला कंडक्टरनेच खोकं उतरवलं आणि स्वतःकडे बोट दाखवत हळूच विचारलं, "अक्का, यामा मना आवाजबी जाई का?"