काजमावशींचं शटर

काजमावशींचे हात बघितले की मला रागच यायचा. बोटं इतकी तयार, की डोळे मिटून काजं करतील. पण खांद्यापासून खाली नुसत्या काड्या. त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी राहते. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, त्यामुळे माणसाआधी मला त्याचे स्नायू दिसतात.

नवरा-बायकोचं शिंपीकाम. तो कापायचा, शिवायचा, शटर उचलायचा. या काजं-बटणं करायच्या. तो गेला तेव्हा लक्षात आलं, की या बाईने स्वतःच्या दुकानाचं शटर एकदाही उचललेलं नाही. मग शेजारचा घड्याळवाला रोज सकाळी यायला लागला. "वहिनी, सरका बाजूला," म्हणायचा, शटर वर ढकलायचा आणि हात झटकत आपल्या दुकानात जायचा.

दूर राहणाऱ्या मुलाला हे कळलं. फोनवर म्हणाला, "आई, लोकांच्या जिवावर किती दिवस दुकान उघडणार? सुट्टीत येतो मी. तोवर तुझं तुला जमलं तर ठीक, नाहीतर देऊन टाकू."

बाईंनी मनावर घेतलं आणि भलतंच केलं. दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री, "रोज हातातलीच तर आहे" म्हणून, दात-ओठ खात डोक्यावर उचलायला लागल्या. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. व्हायचं तेच झालं, खांदा धरला. सुईसुद्धा धरवेना. रडवेल्या तोंडाने माझ्या दारात उभ्या.

"सिस्टर, दुकान गेलं हो माझं."

"दुकान कुठलं, अक्कल गेलीय तुमची," मी म्हणाले आणि आत घेतलं.

डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत मी त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. मग सुरुवात केली ती भिंतीपासून. भिंतीपासून पाऊलभर मागे उभं राहायचं, तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे, कोपरं वाकवत हळू पुढे जायचं, हळू मागे यायचं. श्वास कोंडायचा नाही. ते अंगवळणी पडलं तेव्हा पाण्याची छोटी बाटली दिली, तीही अर्धी भरलेली. एक दिवस व्यायाम, दुसऱ्या दिवशी आराम. हात थकला तर चालेल, सांध्यात कळ आली की तिथेच थांबायचं. पण त्यांना कुठला दम!

"अजून थोडं करू का?"

"शिवताना आत जास्तीचं कापड ठेवता ना तुम्ही शिंपी लोक?"

"माया? ती ठेवायलाच लागते. नाहीतर अंगात घातल्या घातल्या उसवेल."

"मग दंडालाही ठेवा थोडी."

हे मात्र लगेच डोक्यात शिरलं. बाटली हळूहळू पूर्ण भरली, मग मोठी आली. कंबरेतून न वाकता गुडघ्यात बसून वजन कसं उचलायचं, तेही शिकवलं.

मुलगा आला त्या सकाळी मावशी शटरपुढे बसल्या, हँडल धरलं आणि उठल्या. शटर खडखडत वर गेलं. मुलगा म्हणाला, "बरं, राहू दे दुकान." संध्याकाळच्या गाडीने गेलासुद्धा. घड्याळवाला दारातूनच ओरडला, "वहिनी, सुटलो बुवा मी!"

आणि खरंच सुटला. दुसऱ्या दिवसापासून तो फिरकला नाही. गिऱ्हाइकं येत, काजं करायच्या कपड्यांची पिशवी ठेवत, "कधी मिळेल?" विचारत आणि निघून जात. मावशी दिवसभर मान खाली घालून काजं करत. विचारलं तर म्हणत, "हात छान आहेत हो." मला वाटलं, झालं, माझं काम फत्ते.

परवा सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली मावशींनी शटर गुडघ्यापर्यंत सहज वर नेलं. मग थांबल्या. घड्याळवाल्याच्या दुकानाकडे पाहिलं, शटर अलगद पुन्हा खाली टेकवलं आणि पायरीवर जाऊन बसल्या.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. "काय झालं वहिनी? अडकलं का?"

"हात भरून आलेत हो जरा."

ते हात मी तयार केलेत. त्यांत काय आहे आणि काय नाही, मला चांगलं ठाऊक आहे. एरवी मी वरूनच झापलं असतं. पण मी ओली चादर पुन्हा एकदा पिळायला घेतली.

"वहिनी, सरका बाजूला," घड्याळवाला म्हणाला.

मावशी पदर सावरत लगबगीने बाजूला सरकल्या.