नळीतून दिसलेला रस्ता

एकोणीसशे अडुसष्ट साल, मी एकतीस वर्षांचा. कोल्हे माझा मका पाडत होते. परवाना हातात पडताच मी बंदूक घ्यायला तालुक्याला गेलो. सोबत म्हसू धनगर होता. त्याचा मेंढवाडा माझ्या बांधाला लागूनच.

दुकानदारानं बावीसची रायफल उघडून दिली. मी नळी दाराकडं धरून आत पाहिलं आणि हरखूनच गेलो. आतल्या चकाकत्या, पीळदार आट्यांच्या टोकाला अख्खा रस्ता पैशाएवढा दिसत होता.

"हीच द्या," मी म्हणालो.

"हिची गोळी मैलभर जाते बरं."

म्हसू हसला. "मग कोल्हं पळालं तरी माझं मेंढरू आडवं होईल, दादा. नाहीतर पोरगं."

मी हट्टानं पुन्हा नळीत पाहिलं. तेवढ्यात त्या भोकातनं एक बाई पोर कडेवर घेऊन गेली. माणसाची नजर कोल्ह्यापाशी थांबते, गोळी मात्र पुढं जातच राहते. एवढं मोठं शहाणपण एवढ्याशा नळीत मावलं कसं, याचं मला आजही नवल वाटतं.

मी बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक घेतली. छर्रा लांब जात नाही. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मक्यातलं मचाण उतरवलं आणि म्हसूच्या वाड्याकडं पाठ, डोंगराकडं तोंड करून पुन्हा बांधलं.