बार्जवरचं फ्लायव्हील

आमच्या सासरी बार्जवरून आलेली वस्तू म्हणजे देवाघरून आलेली. गुरांची दावी बार्जच्या दोराची, पडवीतलं बाकडं बार्जच्या फळीचं, कपडे वाळत घालायची तारसुद्धा तिथलीच. सासरे, म्हणजे आमचे आबा, धरमतरच्या खाडीत माल वाहणाऱ्या बार्जच्या इंजिनावर डायवर होते, आणि खाऱ्या पाण्यात टिकलं ते जमिनीवर कधी मोडत नाही असं त्यांचं म्हणणं. मी कोलाडकडची, भातवाल्यांची पोर. मला त्या दोरा-फळ्यांचं एवढं कौतुक कधी वाटलं नाही. पण बोलून उगाच कशाला वाईट व्हा, म्हणून गप्प राहायचे.

नव्वदीतली गोष्ट. ह्यांनी पेण ते रोहा सीटमागे भाडं घेऊन चालवायला एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा बरेच जण बसवत होते. इंजिन जोरकस, पण क्लच जुनाच, पेट्रोलच्या वेळचा. माणसं भरली की क्लचची प्लेट नुसती घसरायची. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाय, आणि वर करपल्याचा वास. म्हणजे प्लेट मोठी हवी, आणि ती ज्याच्यावर दाबून बसते ते फ्लायव्हीलही मोठं हवं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या अंगाला गरगरणारं ओतीव लोखंडाचं जड चाक. गाडीत ते कुठे असतं ठाऊक आहे? डायवरच्या पायांच्या पुढ्यात. मधे एक कवच आणि पत्रा, बस्स.

पेणच्या दुकानात रस्त्याच्या गाडीचं फ्लायव्हील क्लचसकट तयार होतं. हे दोनदा जाऊन त्याला हात लावून आले. तेवढ्यात आबांनी बार्जच्या भंगारातलं चाक हातगाडीवर घालून घरी आणलं. बार्जचं इंजिनही त्याच जातीचं, बोल्टची भोकं तंतोतंत जुळली. आबांची छाती ही एवढी फुगली.

"जन्म गेला माझा ह्या इंजिनावर. दुकानातला माल मला नको दाखवू."

हे हातगाडीवरून चाक उतरवायला लागले. गाडीवर कंडक्टरशी, पोलिसाशी, पॅसेंजरशी तावातावाने भांडणारा हा माणूस बापापुढे मुका व्हायचा.

प्लेट बसते तो भाग रोह्याला लेथवर गुळगुळीत करून आणला. मग ते चाक रॉकेलने पुसायचं काम माझ्याकडे आलं. घरात काहीही पुसायचं असलं की ते माझ्याचकडे यायचं, मग ते पातेलं असो की फ्लायव्हील. पुसता पुसता एका भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. कोरड्या फडक्याने घासून काढली. चहाचं आधण ठेवून परत आले तर रेघ ओली. परत पुसली, परत ओली. तडा गेलेलं मडकं पाझरतं तसं आत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

लहानपणी आमच्या गावच्या भातगिरणीचं चाक फुटलेलं मी पाहिलं होतं. एक तुकडा पत्र्यातून आरपार गेला, दुसरा गिरणवाल्याच्या पायांवर आला. माणूस वाचला. नंतर तो दारात बसून असायचा, आणि कुणी आलं की मांडीवरचं पांघरूण सारखं करायचा. आता मला जेवताना, भांडी घासताना तेच पांघरूण दिसायला लागलं, आणि वर तोंड मात्र ह्यांचं.

मी धीर करून आबांसमोर उभी राहिले. "आबा, ह्या चाकाला तडा हाय."

"तडा नाय गो, ओतकामाची रेघ हाय ती. इतकी वर्षं फिरलं, काय झालं त्याला?"

"बार्जवर ते हळूहळू डुलत फिरायचं. गाडीत भणाणणार हाय."

"म्हणजे आता तू मला इंजिन शिकवणार?"

मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, बोला की काहीतरी!"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "बघू चालवून."

बघू चालवून! अहो, चालवून बघायचं म्हणजे ते फुटतं का हेच बघायचं ना? अशी चीड आली म्हणून सांगू. पण चिडीखाली नुसती भीती होती. दोघांनी मिळून चाक चढवलं, त्यावर नवा क्लच आवळला, गिअरबॉक्स लावला, आणि ती रेघ कवचाआड गेली. दिसत होती तोवर निदान नजर ठेवता येत होती.

गाडी काढायच्या दिवशी मी सांगून टाकलं, "मीपण येणार."

"बायकांचं काय काम तिथं?" आबा.

"पाय माझ्या नवऱ्याचे हायत," मी म्हटलं. कसं तोंडातून गेलं देव जाणे. आबा लालबुंद झाले.

"असं काय? मग मी बसतो त्याच्या शेजारी. झालं समाधान?" आणि धुतलेला सदरा घालून ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी मागे.

हायवेला लागून जिते गावाच्या दिशेने निघालो. क्लच असा धरला की काय सांगू! घसरणं नाही, वास नाही, पाय उचलला की गाडी पुढे. ह्यांचा चेहरा खुलला, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. आता हे चाक कोण काढू देणार? मी दोन सीटच्या मधून वाकून ह्यांच्या पायांकडे बघत होते. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

"दाब," आबा म्हणाले. "अजून दाब. घाबरतोस काय?"

ह्यांनी दाबली. खालून बारीक घुमणं यायला लागलं. मग ते वाढलं, सीट थरथरायला लागली, माझ्या दातांना ती थरथर कळायला लागली.

आणि मग आबांनी हळूच चपला काढल्या. एक पाय उचलून सीटवर घेतला. मग दुसरा. गुडघ्यांना मिठी मारून ते सीटवर उकिडवे बसले आणि सरळ रस्त्याकडे बघत राहिले.

आरशात आबांची नि माझी नजर भेटली. माझ्या पोटात होती तीच भीती त्यांच्या डोळ्यांत होती.

"आबा," मी म्हटलं, "ह्यांनी पाय कुठं घ्यायचे?"

आबांनी हात लांब करून इंजिन बंद करायची तार खेचली, आणि गाडी रस्त्याकडेला थांबेपर्यंत ती सोडली नाही.