तात्यांचा हात

तात्यांना कुणीही, कधीही "कसं काय?" विचारलं की उत्तर एकच, "लई बेस हाय." अंगात ताप असला तरी बेस. तात्या म्हणजे माझे सासरे. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात नवरदेवाला फेटा बांधायचा तो त्यांनीच. माणूस भेटला की आधी त्याच्या डोक्याकडे बघायचे. "फेटा धरनारं डोकं हाय," ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी.

त्यांना कंपवात झाला, उजवा हात थरथरायला लागला आणि त्याच सुमारास माझ्या नितीनचं लग्न ठरलं. "नातवाला फेटा मीच बांधनार," एवढं एकच त्यांचं मागणं. पण नगरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की म्हणायचे, "तुमच्या गोळीनं लई फरक पडला." घरी मात्र बशीतला चहा धोतरावर. मी भांडले तर म्हणे, "एवढी शिकलेली पोर. तिला वाईट वाटंल."

शेवटी बाईंनी मनगटाला बांधायचा एक पट्टा दिला. हात कधी थरथरतो, गोळीनंतर कधी थांबतो, ते तो दिवसभर टिपायचा. आठवडाभर काढायचा नाही, असं बजावलं होतं. घरी आल्याबरोबर तात्यांनी तो माझ्या मनगटावर चढवला. "तुझा हात ठणठणीत हाय. रिपोट चांगला यील, बाई खूश हुतील." मी नको नको म्हटलं, पण त्यांच्या हट्टापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

पुढच्या खेपेला बाई कॉम्प्युटरवरचा आलेख बघून चक्रावल्या. "तात्या, रोज सकाळ-संध्याकाळ हात एवढा कशावर आपटता?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग म्हणाले, "भाकरी थापतोय."

बाई पोट धरून हसल्या. मग मी त्यांना फेट्याचं सांगितलं, तशा गंभीर झाल्या. "तात्या, खरं कळल्याशिवाय लग्नापर्यंत तुमचा हात मी कसा सावरू?" तात्यांनी मुकाट्याने मनगट पुढे केलं.

"चहाडखोर हाय लेकाचं," असं पट्ट्याला आठवडाभर बोलले, पण काढला नाही. जेवणाच्या आधीच गोळीचा जोर ओसरतो, हे त्यातून कळलं. बाईंनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि हात बराच थाऱ्यावर आला.

लग्नात त्यांनी फेटा हातात घेतला तेव्हा मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. हात शांत होता, पेचावर पेच बसत गेला. पण नितीनचे मित्र फोटोसाठी सारखे थांबवत राहिले. त्यात वेळ गेला, गोळीचा जोर ओसरला आणि शेवटचा पेच खोचताना बोटं थरथरली. मी पुढे झाले, तर म्हणाले, "थांब. हुतंय." आणि खोचला.

तात्या जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची फार आठवण येते, भाकरी थापताना तर हटकून. घरी आलेले पाहुणे लग्नाचा फोटो बघून म्हणतात, फेटा सुरेख, फक्त शेवटचा पेच जरा सैल.

"तो मी खोचला," मी सांगते. त्यांनी माझा हात आपला म्हणून खपवला होता. मी त्यांचा माझा म्हणून खपवते.