निवटीच्या तोंडातली हवा

आईच्या नखांतला चिखल कधी गेला नाही. उरणच्या खाडीत मांडीभर गाळात उतरून ती बिळांतून निवट्या काढायची आणि पनवेलच्या बाजारात वाटे लावून विकायची. चिखलावर उड्या मारणाऱ्या या माशावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. आधी ताई कॉलेजात गेली, मग मी. आमच्याआधी घरात दहावीसुद्धा कुणी पाहिली नव्हती, हे मी मान वर करून सांगते. भादव्यात मात्र आई टोपली पालथी घालायची. "बाय, आता त्यांची गाभोळी हाय, पोटात अंडी हायत. उपाशी राहू, पन बीळ खणायचा नाय."

ताई त्याच निवटीची शास्त्रज्ञ झाली. संशोधनासाठी जपानला गेली, तिथली भाषा शिकली, हायकू लिहायला लागली. हायकू शिकवणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या बाईंची एकच अट होती, डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. पनवेलला परतल्यावरही ताई खाडीवरून आली की चिखलाच्या पायांनीच बाईंना पोस्टकार्ड लिहायची. तीन ओळी जपानीत, कोपऱ्यात जागा आणि तारीख. मी चिडवायचे, "अगं, मराठीत लिही की, आईला तरी कळेल!" ती म्हणायची, "आईचंच तर लिहितेय."

मग खाडी बुजवायचा प्रस्ताव आला. कंपनीच्या सल्लागाराने अहवालात ठोकून दिलं, इथे मासा अंडीच घालत नाही. ताईने वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या सरकारी कार्यालयात जमा केल्या होत्या, त्या गहाळ झाल्या. गहाळ! जनसुनावणीत तो सल्लागार हसत म्हणाला, "मॅडम जपानीत कविता करतात. कवितेवर प्रकल्प अडत नाहीत." सभा हसली. आपलीच माणसं... अजून अंगाची आग होते.

ताईने बाईंना कळवलं. जपानहून पार्सल आलं. बाईंनी जपलेलं एकूण एक कार्ड, पनवेलच्या टपालाच्या तारखेच्या शिक्क्यासकट. पुढच्या सुनावणीला ताई आजारी होती, उभं राहवत नव्हतं. खुर्चीत बसून तिने मराठी करून वाचलं:

भादव्याची ओहोटी
निवटी बिळात उतरते
तोंडात हवा

"साहेब, गाळाखाली अंड्यांना श्वास मिळावा म्हणून बाप तोंडात हवा भरून नेतो. अंडीच नसती तर कुणासाठी नेली असती?"

यावेळी कुणी हसलं नाही.

महिन्याभरात ताई गेली. शोकसभेत त्याच सल्लागाराने माइक धरला. "मॅडमना काव्याचा सुंदर छंद होता." मी उभी राहिले. म्हटलं, "छंद नव्हता. त्या नोंदी होत्या, तुमच्या अहवालात नसलेल्या. बसा खाली." लोकांना ते बरं दिसलं नाही. न दिसो.

कार्डांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आहे, रबर लावून. वरचं कार्ड कोरं. कोपऱ्यात फक्त खाडीचं नाव. शेवटी तिला तिथे जाता आलं नाही. पाहिलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

परवा निकालाची प्रत आली. खाडीतल्या भरावाला परवानगी नाकारली आहे.