घरमास्तरणीच्या पायाचा अंगठा

शवासनात माणसानं अजिबात हलायचं नसतं, हे ज्यांनी कधी सतरंजीवर पाठ टेकली आहे त्यांना माहीत असेल. आमची आई हलायची. बाकी सगळी निपचित, डोळे मिटलेले, तळवे वर. आणि उजव्या पायाचा अंगठा मात्र पुढेमागे, पुढेमागे चाललेला. बार्शीटाकळीच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत, रोज सकाळी हे चालायचं. तिच्या पायाशी माझा धाकटा भाऊ गोलू मांडीवर गणिताचं पुस्तक उघडून बसलेला असायचा. त्याचं लक्ष पुस्तकात कमी आणि त्या अंगठ्यावर जास्त.

गल्लीत तिला 'घरमास्तरीण' म्हणत. चिडवायलाच म्हणत, पण तिला ते आवडायचं. आई बारावी शिकलेली, अंगानं चांगली जाड, जिभेनं तिखट आणि गोडाची अशी वेडी की तिच्या कपात चहा जास्त की साखर, असा प्रश्न पडावा. बाबा अकोल्याला जिनिंगमध्ये मुनीम होते, सकाळच्या गाडीनं जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. त्यामुळे घरच्या शाळेची बाई तीच, शिपाई तीच आणि घंटा म्हणजे कुकरची शिट्टी. विद्यार्थी एकटा गोलू. मी मोठ्या शाळेत जात होते, म्हणून माझी सुटका झाली होती असं मी तेव्हा समजायचे. खरं तर मला त्या दोघांचा थोडा हेवाच वाटायचा.

ही शाळा का निघाली, ते आठवायला मला आजही आवडत नाही. वऱ्हाडात कापसाची ती वाईट वर्षं होती. दर थोड्या दिवसांनी कुठल्या तरी गावचं, कुठल्या तरी घरचं नाव कानावर यायचं. मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची आणि मुलं नेमकी तेव्हाच कान टवकारायची. एकदा गोलू डबा विसरला म्हणून आई शाळेत गेली. मधली सुट्टी होती. लिंबाखाली मुलांचा घोळका, मध्ये गोलू आडवा, अंगावर कोणाचा तरी टॉवेल. एक पोरगी पदर नसलेल्या फ्रॉकचा पदर करून रडत होती, आणि गजू नावाचा पोरगा पाटीवर काहीतरी लिहीत होता. खेळाचं नाव होतं पंचनामा. गजू तलाठी. "काकू, गोलू लई मस्त मरते," एका पोरानं आईला कौतुकानं सांगितलं. आईनं हाका मारल्या तरी गोलू उठला नाही, कारण पंचनामा संपल्याशिवाय उठायचं नाही असा नियम होता. तिनं त्याला तसंच उचलून घरी आणलं.

त्यानंतर काही दिवसांनी गजूचेच वडील गेले. मुलांबरोबर गोलूही तिथं गेला होता. परत आला तो आईच्या मांडीत तोंड खुपसून एवढंच म्हणाला, "माय, पंचनामा झाला तरी उठले नाई वो ते." मग त्यानं शाळाच टाकली. दप्तर पाहिलं की त्याला उलटी व्हायची. घरात कोणी दुपारी जरा डोळा लावला की हा हलवून हलवून जागं करायचा.

शाळेतून सर आले, चांगले गृहस्थ होते. मुलाला असं घरी ठेवू नका म्हणाले. आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "सर, माह्या पोराले मरनं लई मस्त जमते म्हन्ते. तेवढं शिकून झालं त्याचं. आता बाकीचं मी शिकवतो." सर कप तसाच ठेवून उठले.

आणि त्याच वर्षी ती स्वतः हापशीवर चक्कर येऊन पडली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब, साखर, हृदयावर ताण, सगळंच होतं. वजन उतरवा, चाला, आसनं करा, नाहीतर पुढचं काही खरं नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. एरवी आईनं डॉक्टरची नक्कल करून गल्लीला हसवलं असतं. त्या दिवशी गाव आल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "वैशे, मले मराची सोय नाई आता. या पोट्ट्यासमोर तं नाईच."

मग घरमास्तरणीची तब्येत आणि गोलूची शाळा एकाच वेळापत्रकावर चालायला लागली. पहाटे अकोला रस्त्यानं चालणं. सोबत शेजारच्या नसीम खाला, कपडे शिवायच्या, त्यांनाही साखरेचं दुखणं. एक लुगड्यात, एक बुरख्यात, दोघींच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मध्ये पाढे म्हणत गोलू. पाढ्यांचा वेग या दोघींच्या दमावर. पुलाचा चढ आला की खाला म्हणायच्या, "बस कर बेटा, तेरे सतरा के पाढे से मेरी सांस फूल रही." पानठेल्यावरचं कोणी ओरडायचं, "पोलीस भरती हाय का वो, घरमास्तरीण?" आई न थांबता म्हणायची, "हो ना, पैले तुलेच धराले येऊन राहिली."

साखरेचा डबा गोलूच्या ताब्यात गेला. वजन-मापं तो तिच्याच जेवणावर शिकला. भाकर किती, भात किती, तेल किती, सगळं तोलून. एकदा कोठीत उभी राहून गूळ खाताना ती सापडली, तर या पोरानं तिला पाटीवर 'मी गूळ खाणार नाही' असं पाटी भरेपर्यंत लिहायला लावलं. तिनं ते लिहिलं, आणि अक्षर वाईट काढल्याबद्दल बोलणीही खाल्ली. त्या दिवशी गोलू किती महिन्यांनी खळखळून हसला.

शवासनाचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. आई सतरंजीवर डोळे मिटून पडली आणि गोलू बाहेरून आला. तो जे ओरडला ते अजून माझ्या कानात आहे. "ऊठ ना! झाला ना पंचनामा, ऊठ ना माय!" आई ताडकन उठली, त्याला छातीशी धरून बसली, आणि तिलाही रडू आवरेना. आईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला पायाशी बसवलं. "हे पाह्य. हा अंगठा हालून राहिला का? मंग मी आहो. हालनं थांबलं तं घाबरजो. तोवर गणित कर."

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते हसले. म्हणाले, शवासनाचा फायदा स्वस्थ पडण्यातच आहे, अंगठा हलवत राहिलात तर आराम कसा मिळेल? "आराम मले नाई, त्याले पायजे डॉक्टरसाहेब," आई म्हणाली.

वर्षं गेली. आईचं वजन उतरलं, साखर आवाक्यात आली. गोलू मान वर न करता गणितं सोडवायला लागला. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यानं बाहेरून दहावी दिली, केंद्रावर एकटा गेला, एकटा आला. पुढे शिकायला अमरावतीला गेला तेव्हा गाडी सुटेपर्यंत घरमास्तरीण ऐटीत उभी होती. त्यानंतर एका सकाळी मी पाहिलं, खोलीत ती एकटीच शवासनात, आणि अंगठा चाललेलाच. म्हटलं, "आता काहून हालवतं वो? तो तं नाई इथं." डोळे न उघडता म्हणाली, "तो नाई, पन मी आहो ना. मले बी पाहा लागते." तेव्हा मला कळलं की त्या लिंबाखालून ती स्वतःही कधी पुरती बाहेर आली नव्हती. मीही आले नाही. अजून घरात कोणी झोपलेलं दिसलं की माझी नजर आधी पायांकडे जाते.

माझं लग्न तिनं पाहिलं, गोलूची नोकरी पाहिली. दिवाळीला मी माहेरी आले होते. ती आणि खाला फिरून आल्या, खाला आपल्या घरी गेल्या, आईनं सतरंजी टाकली. मी चहा ठेवला, बिनसाखरेचा. स्वयंपाकघरातून सहज पाहिलं तर अंगठा हलत नव्हता. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, इतक्या वर्षांनी बाई एकदाची स्वस्थ पडली. मी चहा गाळला, कप घेऊन गेले, हाक मारली.

गोलू अमरावतीहून पोचला तोवर सगळी तयारी झाली होती. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या पायांचे दोन्ही अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधलेले होते. तो उशाशी गेला नाही. सरळ पायांशी जाऊन बसला, लहानपणी बसायचा तिथंच.

"हे सोडा," तो म्हणाला. "माय हालवंन कशी?"

"असं सोडत नसते, बावा," मामा हळूच म्हणाले.

"छोड़ने दो उसको," नसीम खाला दारातून म्हणाल्या. मग कोणी अडवलं नाही.

गोलूनं गाठ सोडली. दोरा हातात धरून तो बघत बसला. मी त्याच्या शेजारी बसले आणि मीही बघत राहिले. अंगणातला बांबू तोडायचा आवाज थांबला.

बऱ्याच वेळानं त्यानं तिच्या अंगठ्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि तोच दोरा स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला. घट्ट नाही, सैल बांधला.