मण्यार की कवड्या

नेपियर टाउनच्या कोचिंग क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. सापांच्या विषावर तासभर न थांबता बोलू शकते. त्या रविवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझं हेच ज्ञान बाबांच्या मुळावर आलं.

बाबा अंगणात कूलर साफ करून राहिले होते. जाळीतलं जुनं गवत उपसताना हाताला काहीतरी चावलं. पट्ट्यापट्ट्यांची एक शेपटी नालीत शिरली, डोकं काही दिसलं नाही. "मुंगीएवढंही दुखलं नाही गं," म्हणत बाबा हात धुऊन आले.

हातावर दोन बारीक ठिपके. सूज नाही, आग नाही. झालं, माझं डोकं सुरू! घोणस असती तर हात सुजला असता, तिच्या विषातली प्रथिनं मांस आणि रक्त नासवतात. मण्यारीची प्रथिनं वेगळीच, नसेचा निरोप स्नायूला मिळतो ती जागाच बंद करतात, आणि दुखत जवळपास नाहीच. बिनविषारी कवड्याही तसाच पट्ट्यांचा, त्याचंही फारसं दुखत नाही. मग न दुखणं ही चांगली खूण की वाईट? एकेका विषात कितीतरी प्रथिनं, त्यात प्रदेश बदलला की मिश्रण बदलतं. मला काही म्हणजे काही उमगेना. बाबांना खुर्चीत बसवून मी मोबाईलवर फोटो दाखवत सुटले. पट्टे जोडीनं होते का? पांढरे होते की पिवळट?

शेजारचे भैया मोटरसायकल काढून दारात उभे राहिले. "दीदी, अस्पताल चलो ना."

"भैया, एक मिनट! पहले पता तो चले, है कौन-सा," मी खेकसले.

त्या एका मिनिटाचा अर्धा तास झाला. शेवटी मीच निकाल दिला, कवड्या आहे, घाबरायचं कारण नाही. बाबा हसले. पण त्यांच्या पापण्या अर्ध्यावरच राहिल्या, आणि "चहा टाक" म्हणाले ते नाकातून. विष स्नायूंपर्यंत पोचलं होतं.

बाबांना मोटरसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये धरून नेलं. डॉक्टरांना मी फोटो दाखवायला लागले, तर ते म्हणाले, "मॅडम, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, इंजेक्शन सबका एक ही है. इतनी देर क्यों की?" अरे देवा! हे मला ठाऊक होतं. दरवर्षी मीच शिकवते.

दोन दिवस बाबा श्वासाच्या यंत्रावर. डोळे मिटलेले, बोटही हलेना. त्यांच्या उशाशी उभी राहून मी भैयांना समजावत होते, मण्यारच असणार, विष नसांवर कसं काम करतं, चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन कसं चालतं. गप्प बसले असते तर रडले असते.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. आवाज घोगरा होता.

"मले सगळं ऐकू येऊन राहिलं होतं," बाबा म्हणाले. "फक्त हलता येत नव्हतं."

मी त्यांची उशी नीट करायला लागले.

"एकच इंजेक्शन आहे, हे तुले आधीपासून माहीत होतं?"

"हो, बाबा."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. कपाळाला आठ्या घालून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"मग मले खुर्चीत काहून बसवून ठेवलं, बाई?"